एकाच न्हंयत राहतात, तरी सोयरीक नाही : सख्ख्या भावंडांसारखे मासे आपापली जात कशी राखतात?



जेटीवर पाटी ओतली की आपण पहिल्यांदा निवड करतो. शेवटे इकडे, काळुंदर तिकडे, सुंगटे वेगळी. पण नुसत्या शेवट्यांच्या राशीकडे नीट बघितलं तर त्यातही दोन-तीन तऱ्हा दिसतात. एकाचं डोकं रुंद, एकाच्या अंगावर पट्टे ठळक, एकाचा खवला मोठा. आपण सगळ्यांना शेवटोच म्हणतो आणि एकाच भावाने विकतो. तारल्यांच्या पाटीत पेडवे असतात, तेही तसंच.

आता प्रश्न असा, की हे सगळे एकाच खाडीत वाढतात, एकाच मानशीतून आत-बाहेर करतात, एकच शेवाळ-चिखल खातात. बहुतेक माशांमध्ये मादी पाण्यात अंडी सोडते आणि नर पाण्यातच आपलं बीज सोडतो. सगळं पाण्यावर तरंगणार, तर मग या सगळ्यांची खिचडी का होत नाही? हजारो वर्षं एकत्र राहूनही शेवटो शेवटोच आणि तारलो तारलोच कसा राहिला?

आपल्याला याच्याशी काय करायचंय, असं कुणाला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. या प्रश्नाच्या उत्तरावर आपली मासेमारी बंदी, तळ्यात टाकायचं बीज आणि आपल्या न्हंयचं पाणी, तिन्ही अवलंबून आहेत.

दिसायला एक, आतून वेगळे

आधी भावंडं ओळखूया. तारलो आणि पेडवे एकाच कुळातले. पण तारल्याचे कल्ले उघडून बघा. आत कंगव्यासारखी गाळणी असते, तिचे दात पेडव्यापेक्षा कितीतरी जास्त आणि बारीक असतात. म्हणून पाण्यातलं अगदी बारीक खाद्यही तारलो गाळून घेतो. पोटाखालच्या पराचे काटे मोजले तर तारल्याला ९ आणि पेडव्याला ८ भरतात.

मुडदुशी घ्या. आपल्याला सगळ्या मुडदुश्या सारख्याच. पण शास्त्रज्ञ त्यांच्या जाती ओळखताना पोट फाडून आतली हवेची पिशवी बघतात, कारण प्रत्येक जातीत त्या पिशवीचा आकार निराळा असतो. बाहेरून दोन बहिणी, आतून दोन घरं.

इस्वणाचं तर आणखी गमतीचं. एकीच्या अंगावर उभे पट्टे, दुसरीच्या अंगावर ठिपके आणि तिसरीच्या अंगावर तुटक रेषा. ही तुटक रेषांची इस्वण म्हणजे पहिल्या दोघींची संकरित पोर असावी, अशी शंका १९९० च्या दशकात आपल्याच देशातल्या काही संशोधकांनी मांडली होती. बाकीचे तज्ज्ञ तिला स्वतंत्र जातच धरतात. सांगायचा मुद्दा असा, की एवढ्या मोठ्या, एवढ्या महाग माशाबद्दलही हा प्रश्न शिकलेल्या लोकांना पडला होता. तेव्हा हा विषय क्षुल्लक नाही.

पहिलं कुलूप : वेळ

निसर्गाने मिसळ होऊ नये म्हणून एकच नाही, चार-पाच कुलुपं लावून ठेवली आहेत. एक उघडलं तरी दुसरं आडवं येतं.

पहिलं कुलूप वेळेचं. तारलो मुख्यतः जून ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळ्यात अंडी घालतो. आपल्या राज्याचा मासा जो शेवटो, ज्याला शास्त्रज्ञ मुगिल सेफॅलस म्हणतात, तो खाडीत वाढतो, पण अंडी घालायला दर्यात जातो आणि तेही पावसाळा ओसरल्यावर. ओडिशाच्या चिलका सरोवरात याचा नीट अभ्यास झाला आहे. तिथला हा शेवटो ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुमारास गाबोळी घेऊन समुद्राकडे निघतो. त्याच्या जवळच्या इतर जातींचं वेळापत्रक त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. दोन महिने पुढे-मागे झाले, की एकाची अंडी पाण्यात असतात तेव्हा दुसऱ्याच्या नराकडे बीजच तयार नसतं. संपला विषय.

वेळ म्हणजे फक्त महिना नव्हे. तिथी, भरती-ओहोटी, दिवसाचा प्रहर, हेही त्यात येतं. कॅरिबियन समुद्रात प्रवाळाच्या खडकांवर हॅम्लेट नावाचे छोटे मासे राहतात. निळा, पिवळा, काळा अशा कितीतरी तऱ्हा एकाच खडकावर असतात. संध्याकाळी सूर्य मावळताना सगळे एकाच वेळी जोड्या जमवतात. तरी जवळजवळ प्रत्येक मासा आपल्याच रंगाचा जोडीदार निवडतो. म्हणजे वेळ एक झाली तर दुसरं कुलूप लागतं.

दुसरं कुलूप : जागा

डिचोली-पेडण्याच्या शेतकऱ्यांना चढणीचे मासे सांगायला नकोत. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, व्हाळाला लोंढा आला, की गोड्या पाण्यातले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात आणि थेट भाताच्या शेतात शिरतात. त्या एका-दोन रात्रींत कितीतरी जाती एकत्र चढतात. पण वर गेल्यावर वाटा फुटतात. कुणाला वाहत्या पाण्यातले गोटे लागतात, कुणाला गवताच्या काड्या, कुणाला संथ चिखल. ज्याची अंडी चिकट, तो गवत शोधतो. ज्याची अंडी जड, तो खडे शोधतो.

आपला काळुंदर बघा. तो अंडी पाण्यावर सोडून देत नाही. नर-मादी मिळून चिऱ्याचा दगड, बुडालेलं लाकूड, खांब अशी टणक जागा साफ करतात, तिथे अंडी चिकटवतात, परांनी वारा घालतात आणि पिल्लं मोठी होईपर्यंत दोघं पहारा देतात. त्याचा एक छोटा, पिवळसर भाऊ केरळ आणि श्रीलंकेच्या खाड्यांत त्याच्याबरोबरच राहतो. तिसरा भाऊ दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांच्या गोड्या पाण्यात. श्रीलंकेत शास्त्रज्ञांनी पाहिलं, की छोटा पिवळा मासा मोठ्या काळुंदराच्या अंगावरची घाण आणि किडे टिपून त्याला साफ करतो. आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडीही खातो! एवढा शेजार, एवढी ये-जा, पण संसार वेगळा. कारण ज्या माशाला जोडी जमवून महिनाभर घर राखायचं असतं, तो जोडीदार पारखून घेतो.

तिसरं कुलूप : रंग, वास आणि आवाज

मासा मुका नाही. आपल्या दोडयाऱ्यांना विचारा. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चिकटलेले स्नायू असतात, ते थरथरवून दोडयारा ढोलासारखा आवाज काढतो. जुने तांडेल होडीच्या तळाला कान लावून हा आवाज ऐकत आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही गोव्याच्या पाण्यात यंत्रं सोडून माशांचं हे सामुदायिक गाणं नोंदवलं आहे. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा. हा ठेका ऐकूनच मादीला आपला नर कळतो.

रंगाचंही तसंच. जोडी जमवायच्या दिवसांत कित्येक नरांचा रंग खुलतो. आणि जिथे पाणी गढूळ किंवा अंधार असतो तिथे वास काम करतो. मादी पाण्यातला वास घेऊन ओळखते की हा आपल्यातला की परका.

ही तिन्ही निशाणं लक्षात ठेवा. पुढे गढूळ पाण्याचा विषय येतोय, तेव्हा लागतील.

चौथं कुलूप : अंड्याचं दार

समजा वेळ, जागा, ओळख सगळं चुकलं आणि परक्या जातीचं बीज अंड्यापर्यंत पोहोचलं. तरी दार बंद असू शकतं.

माशाच्या अंड्यावर जाड कवच असतं आणि त्याला बहुधा एकच बारीक भोक असतं. नराच्या बीजाला तिथूनच आत शिरायचं. आणि वेळही थोडा. गोड्या पाण्यात बहुतेक माशांचं बीज मिनिटभराच्या आसपासच पोहू शकतं, मग दमतं. एवढ्यात भोक शोधून आत गेलं तर गेलं.

त्या भोकातून आत गेल्यावर आणखी एक द्वारपाल असतो. २०१८ साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातील संशोधकांनी माशाच्या अंड्यावर एक प्रथिन शोधून काढलं. त्याला त्यांनी नावच दिलं ‘बाऊन्सर’. हॉटेल-क्लबच्या दारावर उभा असतो, ओळखीच्याला आत सोडतो आणि परक्याला बाहेर ढकलतो, तोच तो बाऊन्सर. त्यांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या अंड्यावरचा बाऊन्सर काढून तिथे मेडाका नावाच्या दुसऱ्याच माशाचा बाऊन्सर बसवला. झालं, मेडाकाचं बीज त्या अंड्यात शिरायला लागलं! एरवी हे दोन मासे एकमेकांपासून फार लांबचे. म्हणजे दारावरचा एक पहारेकरी बदलला, की कुलूप उघडलं.

पाचवं कुलूप : पोर जगली पाहिजे

इतकं करूनही मिसळ झाली तर काय? कधी अंडं फुटतच नाही. कधी पिल्लू निघतं पण कमजोर. कधी मासा मोठा होतो, पण घोडा-गाढवाच्या खेचरासारखा, पुढे वंश चालत नाही.

पण सगळ्या वेळी असं होत नाही. काही मिसळ मासे धडधाकट असतात आणि पुढे त्यांनाही पिल्लं होतात. खरी अडचण तिथेच आहे. कारण मग दोन जाती हळूहळू एकमेकींत विरघळतात. त्या मेल्या नाहीत, जाळ्यातून संपल्या नाहीत, तरी आपल्या राहत नाहीत.

कुलुपं आम्हीच तोडतो तेव्हा

आता मुद्द्यावर येऊया. निसर्गातली ही कुलुपं माणूस तीन तऱ्हांनी तोडतो.

एक, पाणी गढूळ करून. आफ्रिकेत व्हिक्टोरिया नावाचं समुद्राएवढं सरोवर आहे. तिथे काळुंदराच्याच मोठ्या कुळातल्या शेकडो जाती राहत. एका जातीचा नर तांबडा, शेजारच्या जातीचा निळसर, मादी रंग बघूनच नर निवडायची. आसपासची शेती, सांडपाणी, माती यांनी पाणी गढूळ होत गेलं. १९९७ साली ओले झेहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जिथे पाणी स्वच्छ तिथे रंगीत जाती वेगवेगळ्या टिकल्या. जिथे गढूळ तिथे रंग फिके पडले, जाती कमी झाल्या. प्रयोगशाळेत उजेड असा ठेवला की तांबडा-निळा फरकच दिसू नये, तर माद्या कुणाबरोबरही जोडी जमवू लागल्या. एकही जाळं न टाकता, नुसत्या गढूळ पाण्याने जाती विरघळू शकतात, हे जगाला तेव्हा कळलं.

मेक्सिकोतल्या एका नदीत असंच वासाच्या बाबतीत दिसलं. तिथल्या एका माशाची मादी स्वच्छ पाण्यात आपल्या जातीचा नर वासावरून बरोबर ओळखते. पण सांडपाणी आणि शेतातला कुजका निचरा मिसळलेल्या पाण्यात तिला फरकच करता येईना. नाक चोंदल्यावर आपल्याला कढीचा वास येत नाही, तसंच ते.

दोन, बीज तयार करताना. आपल्या देशात १९५७ साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन रोहू वगैरे मासे तळ्यात अंडी घालतील असं करून दाखवलं. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळला जातो. मोठं काम आहे, त्यामुळेच आज गावोगावी तळ्यात मासे होतात. पण इंजेक्शन दिलं की वेळेचं कुलूप उघडतं. एकाच टाकीत रोहू आणि कटला एकत्र सोडले की जागेचं कुलूपही उघडतं. पैसे आणि जागा वाचवायला काही ठिकाणी असं केलं जातं. त्यातून होणारी रोहू-कटला मिसळ वांझ नसते. ती पुढच्या वर्षी जनक मासे म्हणून वापरली गेली, पुरात नदीत गेली, तर अस्सल रोहू आणि अस्सल कटला दोन्ही हरवत जातात.

तीन, परका मासा आणून. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. हा दुसऱ्या माशांना खातो हे सगळ्यांना ठाऊक. पण थायलंडमध्ये त्याची तिथल्या देशी मांगराशी मुद्दाम संकर करून शेती झाली आणि ती मिसळ जंगली पाण्यातही पोहोचली. तिलापी आपल्या देशात १९५२ साली आली. काळुंदराची जागा आणि खाद्य ती घेते, ही तक्रार तर खाजन करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. आफ्रिकेत एक तिलापी दुसऱ्या देशी तिलापीत मिसळून तिला संपवत चालली आहे.

आता आपल्या पाण्याकडे बघूया

आपल्याकडे तेरेखोल आहे, शापोरा आहे. शापोरा तर तिळारीकडून येते, डिचोली आणि पेडणे दोन्ही तालुक्यांना लागून जाते आणि मोरजीजवळ दर्याला मिळते. डिचोलीची न्हंय आणि वाळवंटीचं पाणी मांडवीत जातं. वरच्या भागात डोंगर कापले, खाणीची तांबडी माती पावसात उतरली, रेती काढली, की ती माती खाली आपल्या खाडीतच येऊन बसते. डिचोलीच्या लोकांनी तांबडं पाणी पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. ती माती काळुंदराच्या दगडावरच्या अंड्यांवर बसली तर अंडी गुदमरतात, हे साधं गणित आहे. रंग आणि वास ओळखायला त्रास होतो, हे जगात दुसरीकडे सिद्ध झालं आहे. म्हणून गढूळ पाण्याची तक्रार ही फक्त शेतकऱ्याची आणि विहिरीची नाही. ती आपलीही आहे.

दुसरी गोष्ट बंदीची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. ती हवीच. तारल्यासारख्या पावसाळ्यात अंडी घालणाऱ्यांना तिचा फायदा मिळतो. पण आपण वर पाहिलं, की जाती वेगळ्या राहतात त्या वेळा वेगळ्या असतात म्हणूनच. म्हणजे एकच कुलूपबंद महिना सगळ्यांना पुरणार नाही. आमचा शेवटो गाबोळी घेऊन खाडीच्या मुखातून बाहेर पडतो तेव्हा बंदी कधीच उठलेली असते. तेव्हा मुखाशी आडवी जाळी लावून, मानशीच्या दारात कोंड करून सगळी गाबोळीवाली मादी काढली, तर कायदा मोडला नाही, पण पुढच्या वर्षीचा शेवटो गेला.

तिसरी गोष्ट नावाची. तीन जातींना एकच नाव दिलं, तर त्यातली एक संपत चालली तरी पाटी भरलेलीच दिसते. शेवटो मिळतोय ना, असं म्हणत राहतो आणि कुठला शेवटो ते कुणी बघत नाही.

म्हणून एवढं करूया

आम्ही कुणाला हुकूम देत नाही. पण संस्थेच्या सभासदांना विनंती आहे :

• पाटीत गाबोळीवाला मासा आला की तारीख, जागा आणि कुठला मासा एवढं वहीत लिहा किंवा फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाका. फोटो आडवा, पूर्ण अंग दिसेल असा. दोन वर्षांत आपल्याच खाडीचं आपलं वेळापत्रक तयार होईल.

• ऑक्टोबरनंतर शेवटो मुखाकडे उतरतो त्या दिवसांत मुख पूर्ण आडवू नका. मानशीवाल्यांनी काही भरत्या-ओहोट्या दार मोकळं ठेवलं तरी पुष्कळ. कुठल्या तिथीला, ते बैठकीत बसून ठरवू.

• तळ्यासाठी बीज घेताना विचारा, की रोहू आणि कटला वेगवेगळ्या टाकीत काढले का. उत्तर देता येत नसेल तर दुसरीकडून घ्या.

• उरलेलं बीज, शोभेचे मासे, तिलापी किंवा मांगूर न्हंयत, व्हाळात, जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोडू नका. पुराचं पाणी सगळं एक करतं.

• खाजनातले जुने चिऱ्याचे दगड, बुडालेली लाकडं सगळी साफ करू नका. ती काळुंदराची घरं आहेत.

• वरून तांबडं पाणी किंवा सांडपाणी आलेलं दिसलं तर तारीख-वेळेसह फोटो पाठवा. तक्रार संस्थेच्या नावाने जाईल, कुणा एकट्याच्या नाही.

आपल्या वाडवडिलांनी मासे पाटीत निवडायला शिकवलं. ते निवडणं निव्वळ भावासाठी नव्हतं. कुठला मासा कुठल्या तिथीला कुठे असतो, हे त्या निवडण्यातूनच आपल्याला कळत गेलं. दर्याने इतकी वर्षं प्रत्येकाचं घर वेगळं राखलं, आता ती राखण थोडी आपल्याकडे आली आहे.

तुमच्याकडे शेवट्याच्या किती तऱ्हा येतात आणि त्यांना तुमच्या वाड्यावर काय म्हणतात, ते खाली लिहा. पेडण्यात एक नाव, डिचोलीत दुसरं आणि केरीला तिसरंच असेल, तरी सगळी लिहा. वयस्क मंडळींना विचारून लिहिलंत तर आणखी बरं. ही यादी आम्ही जपून ठेवणार आहोत.

आपली,
संस्थेच्या कार्यालयातून, सचिव आणि संचालक मंडळ